मिल्स, चार्ल्स वेड

मिल्स, चार्ल्स वेड : (३ जानेवारी १९५१–२० सप्टेंबर २०२१). जमेकन-अमेरिकन तत्त्वज्ञ. राजकीय तत्त्वज्ञान व सामाजिक ज्ञानमीमांसा ही त्याच्या अभ्यासाची दोन प्रमुख क्षेत्रे. आधुनिक पाश्चात्त्य राज्यविचार ज्या सामाजिक कराराच्या कल्पनेवर उभा आहे, तिच्या पोटात वंशभेदाचा एक अलिखित करार दडलेला आहे आणि तो ओळखल्याखेरीज न्यायाची कोणतीही उपपत्ती पुरी होऊ शकत नाही, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. द रेशिअल काँट्रॅक्ट (१९९७) या ग्रंथामुळे तो प्रसिद्धीस आला. अमेरिकेतील सत्ताधारी वर्गाची चिकित्सा करणारा समाजशास्त्रज्ञ चार्ल्स राइट मिल्स (१९१६–६२) ही वेगळी व्यक्ती. नामसादृश्यामुळे दोघांची गल्लत होण्याचा संभव असतो.

त्याचा जन्म लंडन येथे झाला. त्याचे आईवडील जमेकाचे रहिवासी असून त्या वेळी शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये होते. वडील ग्लॅडस्टन मिल्स हे पुढे वेस्ट इंडीज विद्यापीठात लोकप्रशासनाचे प्राध्यापक झाले. चार्ल्सचे बालपण व शिक्षण जमेकात झाले. तत्त्वज्ञानाकडे तो उशिराच वळला. वेस्ट इंडीज विद्यापीठातून त्याने १९७१ मध्ये भौतिकीची पदवी घेतली आणि नंतरची दोन वर्षे किंग्स्टन येथील एका तंत्रशिक्षणसंस्थेत तो विषय शिकविला. त्यानंतर कॅनडातील टोराँटो विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम्.ए. (१९७६) व पीएच्.डी. (१९८५) या पदव्या त्याने मिळविल्या.

त्याच्या विचाराची मुळे शोधताना जमेकाचा इतिहास दृष्टिआड करता येत नाही. १४९४ मध्ये कोलंबस या बेटावर उतरला. १६५५ मध्ये ते स्पेनकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. तेथील मूळ रहिवासी जवळजवळ नष्ट झाले आणि उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने रद्द झाली, तरी प्रत्यक्ष मुक्ती १८३८ मध्ये मिळाली. १८४५ पासून भारतीय करारबद्ध मजूरही तेथे नेण्यात आले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमेका स्वतंत्र झाला. त्या वेळी मिल्स अकरा वर्षांचा होता. तो ज्या मोना येथील विद्यापीठात शिकला, ते जुन्या ऊसमळ्यांच्या जमिनीवर वसलेले असून मळ्याला पाणी पुरविणाऱ्या दगडी पाटाचे अवशेष आजही विद्यापीठाच्या आवारात उभे आहेत. देश स्वतंत्र झाला, राष्ट्रगीत नवे आले. परंतु संपत्ती, मानमरातब व कातडीचा रंग यांची जुनी सांगड तशीच राहिली.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन दशके या बेटावर मोठ्या वैचारिक खळबळीची होती. ऑक्टोबर १९६८ मध्ये गियानी इतिहासकार वॉल्टर रॉडनी याला जमेकात परत येण्यास सरकारने मज्जाव केला. तो मोना येथे शिकवीत असे आणि विद्यापीठाबाहेर, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतूनही व्याख्याने देत असे. त्याच्यावरील बंदीच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी काढलेल्या मोर्चाचे पर्यवसान दंगलीत झाले. १९७२ मध्ये मायकेल मॅन्ली सत्तेवर आला व त्याने लोकशाही समाजवादाचे धोरण स्वीकारले. १९८० च्या निवडणुकीपर्यंत राजकीय हिंसाचाराने शेकडो बळी घेतले होते. शेजारच्या ग्रेनेडात १९७९ मध्ये डाव्या क्रांतिकारकांनी सत्ता हस्तगत केली. तथापि ऑक्टोबर १९८३ मध्ये पक्षांतर्गत कलहात पंतप्रधान मॉरिस बिशप याची हत्या झाली आणि पाठोपाठ अमेरिकेने त्या बेटावर सैन्य उतरविले. कॅरिबियन डाव्या विचारवंतांच्या पिढीवर या घटनेचा आघात खोल होता. मिल्स त्याच पिढीचा. त्याच्या कॅरिबियनविषयक निबंधांचा रॅडिकल थिअरी, कॅरिबियन रिअ‍ॅलिटी (२०१०) हा संग्रह वाचताना याचा प्रत्यय येतो. त्यातील एका निबंधात त्याने ‘स्मॅडिटायझिन’ या जमेकन बोलीतील शब्दाची चिकित्सा केली आहे. ‘स्मॅडी’ म्हणजे कोणीतरी, दखल घ्यावी असा माणूस. आणि आपण ‘कोणीतरी’ आहोत हे जगाकडून मान्य करून घेण्यासाठी करावी लागणारी झटापट म्हणजे ‘स्मॅडिटायझिन’. रेक्स नेटलफर्ड या जमेकन विचारवंताने चर्चेत आणलेल्या या शब्दात मिल्सला एक संपूर्ण तत्त्वमीमांसा दिसली. काँटच्या नीतिशास्त्रात व्यक्तित्व गृहीतच धरलेले असते. गुलामांच्या वंशजांना मात्र ते झगडून मिळवावे लागते.

मिल्सचा पीएच्.डी.चा प्रबंध मार्क्स व एंगेल्स यांच्या लेखनातील विचारप्रणालीच्या संकल्पनेवर होता. एखादा समाज जगाकडे पाहताना पद्धतशीरपणे चुकतो, त्या चुकीचा लाभ ठराविक वर्गाला होतो आणि तरीही चुकणारी माणसे प्रामाणिक असतात, हे कसे घडते, असा तो प्रश्न होता. मार्क्सवादाची चौकट त्याने पुढे सैल केली. हा प्रश्न मात्र अखेरपर्यंत सोडला नाही. १९८७ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात त्याची नेमणूक झाली. १९९० ते २००७ या काळात तो शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात होता. २००७ मध्ये तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेला आणि २०१६ पासून मृत्यूपर्यंत न्यूयॉर्क येथील सिटी युनिव्हर्सिटीच्या पदव्युत्तर केंद्रात प्राध्यापक होता. अमेरिकेत आल्यावर त्याला असे आढळून आले, की वर्गाच्या परिभाषेत तेथील सामाजिक वास्तव पुरते बसत नाही. गोरे व काळे कामगार यांचे हितसंबंध शास्त्राप्रमाणे एक असावयास हवेत. प्रत्यक्षात गोऱ्या कामगारांच्या संघटनांनीच काळ्यांना वारंवार दूर ठेवले होते. या वैचारिक प्रवासाचे वर्णन त्याच्या एका निबंधसंग्रहाच्या नावातच आहे : फ्रॉम क्लास टू रेस (२००३).

वांशिक कराराची कल्पना : सामाजिक कराराचा सिद्धांत हॉब्ज (१६५१), लॉक (१६८९), रूसो (१७६२) व काँट यांनी निरनिराळ्या रूपांत मांडला. एकोणिसाव्या शतकात तो मागे पडला. जॉन रॉल्स याच्या अ थिअरी ऑफ जस्टिस (१९७१) या ग्रंथाने त्याचे पुनरुज्जीवन केले. मुळात स्वतंत्र व समान असलेली माणसे परस्परसंमतीने राज्य स्थापन करतात, हे या सिद्धांताचे सूत्र. असा करार इतिहासात कधी झाला नाही, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनाही मान्य असते. तो एक वैचारिक प्रयोग आहे, असे ते म्हणतात. मिल्सचा आक्षेप येथून सुरू होतो. काल्पनिक कराराच्या चर्चेत आपण इतके गुंतलो, की प्रत्यक्षात झालेल्या कराराकडे पाहिलेच नाही, असे तो म्हणतो. तो करार सर्व माणसांमध्ये झालेला नव्हता. जे स्वतःला गोरे म्हणवू लागले त्यांनी तो आपसांत केला, आणि इतर मानवजात त्या करारात पक्ष नसून त्याचा विषय होती.

द रेशिअल काँट्रॅक्ट हा आकाराने लहान ग्रंथ. त्याच्या आरंभीच मिल्स तीन दावे करतो. गौरवर्णीयांचे वर्चस्व जगात स्थानिक व जागतिक पातळीवर शतकानुशतके अस्तित्वात आहे. ते वर्चस्व हीच एक राज्यव्यवस्था समजावी. आणि या व्यवस्थेचे आकलन कराराच्या परिभाषेत करता येते. पहिला दावा इतिहासाचा, दुसरा संकल्पनेचा, तिसरा पद्धतीचा. त्यांपैकी दुसरा सर्वांत धीट म्हणावा लागेल. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत राजेशाही, अल्पजनसत्ता, लोकशाही, हुकूमशाही असे शासनप्रकार सांगितलेले असतात. ज्या व्यवस्थेने आधुनिक जग घडविले तिचे नावच त्या यादीत नाही, असे मिल्स दाखवून देतो. वंशद्वेष ही काही व्यक्तींच्या मनातील विकृती आहे, ही रूढ समजूत त्यामुळे अपुरी ठरते. या कराराने माणसांची ‘व्यक्ती’ व ‘उपव्यक्ती’ अशी विभागणी केली. प्रदेशांचीही तशीच विभागणी झाली : एक भूभाग सुसंस्कृत ठरला, दुसरा रानटी व म्हणून रिकामा, कोणीही ताब्यात घ्यावा असा. करार टिकविण्याची साधने दोन होती, बळाचा वापर आणि मनांची मशागत.

पुराव्यासाठी मिल्स इतिहासातील प्रसंग पुढे ठेवतो. १५१३ मध्ये स्पेनने तयार केलेले एक फर्मान अमेरिकेतील आदिवासींना वाचून दाखविण्यात येई. पोप व स्पेनचा राजा यांची सत्ता मान्य करा, नाहीतर युद्ध व दास्य पत्करा, असे त्यात सांगितलेले असे. ते त्यांना न समजणाऱ्या भाषेत वाचले जाई, आणि वाचन झाले म्हणजे कायद्याची पूर्तता झाली असे मानले जाई. याहून चमत्कारिक ‘करार’ कल्पिणेही कठीण. १५५०–५१ मध्ये व्हायाडोलिड येथे लास कासास व सेपूल्व्हेदा यांच्यात आदिवासींच्या माणूसपणावरून वाद झाला. हॉब्ज निसर्गावस्थेचे वर्णन करताना अमेरिकेतील ‘रानटी’ लोकांचे उदाहरण देतो; युरोपीयांच्या बाबतीत मात्र ती अवस्था त्याच्या लेखी केवळ एक शक्यता राहते. माणसाच्या नैसर्गिक स्वातंत्र्याचा उद्‌घोष करणाऱ्या लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतविले होते. मुक्त नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर निरंकुश सत्ता देणाऱ्या कॅरोलिनाच्या मूलभूत संविधानाच्या (१६६९) मसुद्याशीही त्याचा संबंध होता. तो कितपत होता, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला नागरिकत्व नाकारले. १९१४ पर्यंत पृथ्वीवरील सुमारे ८५ टक्के भूभाग युरोपच्या सत्तेखाली आलेला किंवा पूर्वी येऊन गेलेला होता. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत राष्ट्रसंघाच्या सनदेत वांशिक समतेचे कलम घालावे, असा प्रस्ताव जपानने मांडला. बहुसंख्य प्रतिनिधी अनुकूल असूनही तो संमत होऊ दिला गेला नाही. हे प्रसंग सुटेसुटे वाचले तर अपवाद वाटतात. मिल्सने ते एका ओळीत लावले, एवढेच. पण त्या एवढ्यानेच त्यांचा अर्थ बदलला.

काँटविषयीचे त्याचे विवेचन विशेष गाजले. प्रत्येक माणूस हा साध्य आहे, निव्वळ साधन नव्हे, हे काँटचे सूत्र नीतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु याच काँटने १७७५ व १७८५ मध्ये मानववंशांवर निबंध लिहिले आणि वंशांची बौद्धिक उतरंड रचली. १७६४ च्या एका ग्रंथात तर एका माणसाचे म्हणणे मूर्खपणाचे असल्याचा पुरावा म्हणून त्याने त्या माणसाचा काळा रंग पुढे केला आहे. काँटच्या सूत्रातील ‘प्रत्येक माणूस’ म्हणजे नेमका कोण, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. काँट आपल्या काळाचा होता, या समर्थनाला मिल्सचे उत्तर असे, की त्याच काळात गेओर्ग फॉर्स्टर याच्यासारखे लोक काँटच्या वंशविषयक मतांवर टीका करीत होते आणि स्वतः गुलाम तर ती मते कधीच मान्य करीत नव्हते. मग ‘काळ’ म्हणजे कोणाचा काळ? पाउलीने क्लाइनगेल्ड या विदुषीने मात्र असे दाखवून दिले आहे, की १७९० नंतर काँटची मते बदलली होती. मिल्सच्या मांडणीत या बदलाला पुरेसे महत्त्व मिळालेले नाही, हा आक्षेप रास्त वाटतो.

या ग्रंथाची प्रेरणा कॅरल पेटमन हिच्या द सेक्शुअल काँट्रॅक्ट (१९८८) या ग्रंथातून मिळाल्याचे मिल्सने मान्य केले आहे. सामाजिक करारामागे स्त्रियांच्या दास्याचा करार आहे, असे पेटमनने मांडले होते. पुढे दोघांनी मिळून काँट्रॅक्ट अँड डॉमिनेशन (२००७) हे पुस्तक लिहिले. परंतु त्यातील प्रकरणे बहुशः स्वतंत्रपणे लिहिलेली असून त्यांतून दोघांमधील मतभेद उघड होतात. पेटमनच्या मते कराराची कल्पनाच टाकाऊ आहे. मिल्सच्या मते ती उलटी करून वापरता येते. त्यासाठी तो रूसोच्या विषमतेवरील प्रबंधाचा (१७५५) आधार घेतो. श्रीमंतांनी गरिबांना फसवून आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी राज्यसंस्था निर्माण केली, असे रूसो त्यात म्हणतो. मिल्स याला ‘वर्चस्वाचा करार’ म्हणतो : आदर्श समाज कसा असावा हे न सांगता अन्यायी समाज कसा घडला हे सांगणारा करार.

अज्ञानाची मीमांसा : सामाजिक ज्ञानमीमांसेतील मिल्सचे कार्य कदाचित अधिक टिकाऊ ठरेल. ज्ञान म्हणजे काय व ते कसे मिळते, हा ज्ञानमीमांसेचा परंपरागत प्रश्न. देकार्तपासून त्याची चर्चा एकट्या, समाजनिरपेक्ष ज्ञात्याला मध्यवर्ती धरून झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साक्ष, विश्वास, विज्ञानसंस्था इ. सामाजिक अंगांकडे लक्ष गेले. ॲल्व्हिन गोल्डमन याचा १९९९ मधील ग्रंथ हा या शाखेतील एक प्रमुख टप्पा होय. मात्र गोल्डमनच्या विवेचनात समाज आहे, पण पिळवणुकीवर उभा असलेला समाज नाही, अशी मिल्सची तक्रार होती. अज्ञान म्हणजे ज्ञानाचा निव्वळ अभाव नव्हे. काही अज्ञाने निर्माण केली जातात, जोपासली जातात आणि प्रसंगी ज्ञान म्हणून मिरवली जातात. द रेशिअल काँट्रॅक्टमध्ये त्याने यासाठी ‘अज्ञानाची ज्ञानमीमांसा’ असा शब्दप्रयोग केला आणि २००७ मधील ‘व्हाइट इग्नरन्स’ या निबंधात तिचा विस्तार केला.

रॉल्सच्या सिद्धांताशी परिचित असणाऱ्यांना येथे एक विरोधाभास जाणवेल. न्यायाची तत्त्वे ठरविणाऱ्यांनी आपला वर्ग, वंश, लिंग, गुण हे काहीच ठाऊक नाही असे समजावे, म्हणजे त्यांचा निर्णय निःपक्षपाती होईल, असे रॉल्स सांगतो. यालाच तो अज्ञानाचा पडदा म्हणतो. रॉल्सच्या सिद्धांतात अज्ञान न्यायाचे साधन आहे. मिल्सच्या लेखी प्रत्यक्ष समाजातील अज्ञान अन्यायाचे साधन आहे. आणि पहिल्या पडद्याआड बसणारे लोक दुसरे अज्ञान तसेच बरोबर घेऊन जातात, हे त्याचे म्हणणे.

हे अज्ञान कोणत्या मार्गांनी पसरते, याचा शोध मिल्सने घेतला आहे. आपण काय पाहतो, हे आधीच हाती असलेल्या संकल्पना ठरवितात. ‘रानटी’ ही संकल्पना घेऊन गेलेल्या युरोपीयाला शेते, नगरे व कायदे दिसूनही दिसले नाहीत. सामूहिक स्मृती हा दुसरा मार्ग. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीच्या काँगोत रबरासाठी लाखो लोक मृत्युमुखी पडले. १९०८ मध्ये तो प्रदेश बेल्जियमच्या शासनाकडे देण्यापूर्वी राजाने काँगोचे दप्तर जाळून टाकविले. ब्रूसेल्समधील भट्ट्या आठ दिवस पेटत्या होत्या. पुढील पिढ्यांचे विस्मरण असे हाताने घडविलेले होते. तिसरा मार्ग साक्षीचा. अमेरिकेतील अनेक राज्यांत काळ्या माणसाची गोऱ्याविरुद्धची साक्ष न्यायालयात ग्राह्य नव्हती. गुन्ह्याचे साक्षीदार होते. त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता. शिवाय हितसंबंध सर्वांच्या मुळाशी असतोच. जे कळल्याने आपले काही गमवावे लागेल, ते माणसे सहसा कळू देत नाहीत.

‘गौरवर्णीय अज्ञान’ या नावाने गैरसमज होऊ नये म्हणून मिल्सने काही मर्यादा स्वतःच आखून दिल्या आहेत. प्रत्येक गोऱ्या माणसाचे प्रत्येक अज्ञान या सदरात येत नाही; वंशव्यवस्थेमुळे उद्‌भवणारे तेवढेच येते. ते मनातील द्वेषामुळेच निर्माण होते असेही नाही. सदिच्छ माणूसही त्याचा वाहक असू शकतो. काळ्या लोकांमध्येही ते रुजू शकते. सत्य ही सापेक्ष वस्तू आहे, असेही मिल्स मानीत नाही. भौतिकीच्या या विद्यार्थ्याचा वस्तुनिष्ठ सत्यावरील विश्वास कधी ढळला नाही, आणि उत्तर-आधुनिकतावाद्यांशी त्याचे पटले नाही, ते याच मुद्द्यावर. अज्ञान म्हणायचे तर ज्याच्याविषयी अज्ञान आहे ते सत्य मानावेच लागते. मिरांडा फ्रिकर हिचा ज्ञानविषयक अन्यायावरील प्रसिद्ध ग्रंथही २००७ मध्येच प्रकाशित झाला. फ्रिकरचा भर बोलणाऱ्यावर होणाऱ्या अन्यायावर, तर मिल्सचा भर न ऐकणाऱ्याच्या रचनेवर आहे. नंतरच्या संशोधकांनी हे दोन धागे एकत्र विणले.

आदर्श सिद्धांतनावरील टीका : ‘आयडिअल थिअरी ॲज आयडिऑलजी’ (२००५) हा मिल्सचा निबंध या वादातील एक मूलभूत लेख मानला जातो. पूर्णपणे न्याय्य समाजाचे चित्र आधी रेखाटावे, अन्यायाच्या निवारणाचा विचार मागाहून करावा, असा रॉल्सचा क्रम. मिल्सच्या मते ‘मागाहून’ची वेळ येतच नाही. रॉल्सच्या सुमारे दोन हजार पानांच्या लेखनात वंशविषयक मजकूर एकत्र केला तर मोजकीच पाने भरतात. आणि तो ज्या देशात बसून लिहीत होता, तेथे मतदानाच्या हक्कासाठी काळ्यांनी दिलेला लढा ताजा होता. अमूर्तीकरण व आदर्शीकरण यांत ओनोरा ओनील हिने केलेला भेद मिल्स येथे उपयोगात आणतो. विचार करताना तपशील गाळावेच लागतात. पण गुलामगिरी हा काही तपशील नव्हे. अमर्त्य सेन यांनीही द आयडिया ऑफ जस्टिस (२००९) मध्ये परिपूर्ण न्यायाच्या शोधावर टीका केली आहे. परंतु सेन कमीअधिक अन्यायांची तुलना करू पाहतात. मिल्सला झालेल्या अन्यायाची भरपाई हवी होती. म्हणून वितरणात्मक न्यायाऐवजी त्याने परिमार्जक न्यायाला अग्रस्थान दिले. वांशिक कनिष्ठ नागरिकत्व, वांशिक शोषण व वांशिक अवमान या तिन्हींचा शेवट, ही त्या न्यायाची तत्त्वे होत, असे त्याने उत्तरायुष्यात मांडले.

रॉल्सची साधने वापरूनच वांशिक न्यायाचा विचार करता येतो, असे टॉमी शेल्बी या तत्त्वज्ञाचे मत आहे. रॉल्सचे समान संधीचे तत्त्व काटेकोरपणे लावले तर वंशभेदाचे दुष्परिणाम त्यातच दूर होतील, असे तो म्हणतो. २०१३ मध्ये या दोघांत झालेला वाद वाचनीय आहे. मिल्सचा प्रतिवाद असा, की ज्या समाजात अन्याय झालेलाच नाही त्याच्यासाठी रचलेली तत्त्वे अन्यायग्रस्त समाजाला लावणे म्हणजे निरोगी माणसाचा आहार रोग्याला देणे होय. येथे मिल्सची बाजू वरचढ वाटते. तथापि भरपाई कोणी, कोणाला, किती पिढ्यांपर्यंत द्यावयाची, याचा तपशीलवार हिशेब त्याने कोठेही पुरा केलेला नाही.

आयुष्याच्या अखेरच्या दशकात मिल्सने स्वतःला उदारमतवादी म्हणवून घेतले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. ‘ऑक्युपाय लिबरलिझम!’ (२०१२) या निबंधाचे शीर्षक २०११ मधील वॉल स्ट्रीट आंदोलनाच्या घोषणेवरून घेतले आहे. उदारमतवाद ही एकसंध वस्तू नाही. इतिहासात वांशिक उदारमतवाद प्रबळ झाला म्हणून तोच एकमेव ठरत नाही. आणि अमेरिकेत ज्या भाषेला राजकीय वजन आहे ती भाषा शत्रूच्या स्वाधीन करणे शहाणपणाचे नाही, असे त्याचे म्हणणे. ब्लॅक राइट्स/व्हाइट राँग्ज (२०१७) या ग्रंथात त्याने ‘कृष्णवर्णीय जहाल उदारमतवाद’ ही भूमिका सिद्ध केली. मार्क्स, काँट आणि डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना एकत्र आणण्याचा हा प्रयत्न होय. डाव्या टीकाकारांच्या मते भांडवलशाहीला हात न लावता वंशवर्चस्व संपविता येणार नाही, आणि मिल्सच्या उत्तरकालीन लेखनात भांडवलशाही उत्तरोत्तर मागे सरकत गेली. ही टीका सर्वस्वी निराधार नाही.

मिल्सचा झगडा स्वतःच्या विद्याशाखेशीही होता. अमेरिकेतील व्यावसायिक तत्त्वज्ञांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे, याकडे तो पुन्हापुन्हा लक्ष वेधी. त्याची लेखनशैली मात्र त्राग्याची नाही. विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाची स्वच्छ, युक्तिवादप्रधान व काहीशी मिस्कील शैली त्याने कटाक्षाने वापरली. देकार्तचा संशयात्मा स्वतःच्या अस्तित्वाविषयी साशंक असतो. राल्फ एलिसनच्या इन्व्हिजिबल मॅन (१९५२) या कादंबरीचा नायक आपण आहोत हे पक्के जाणतो, पण इतरांना तो दिसत नाही. या तुलनेवर आधारलेला त्याचा निबंध ब्लॅकनेस व्हिजिबल (१९९८) या संग्रहात आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात काळ्या विद्यार्थ्याला परकेपण का वाटते, याचे इतके नेमके निदान अन्यत्र क्वचितच आढळेल.

मराठी वाचकाला या विचारांचे नाते अपरिचित वाटणार नाही. म. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाविषयी त्यांना माहिती हवी होती. भारतातील समाजशास्त्रांत काही जण सिद्धांत मांडतात व उरलेल्यांच्या वाट्याला केवळ अनुभवाची माहिती पुरविणे येते, ही गोपाळ गुरू यांची २००२ मधील मांडणी मिल्सच्या ज्ञानमीमांसेशी जवळीक साधणारी आहे. जात म्हणजे वर्ण अथवा वंश नव्हे, हे आंबेडकरांनीच आग्रहाने सांगितले असल्यामुळे मिल्सची चौकट येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तिच्यातील अज्ञानाविषयीचा भाग मात्र सहज स्थलांतर करू शकतो.

मिल्सला मान्यता उशिरा पण भरपूर मिळाली. २०१७ मध्ये अमेरिकन ॲकॅडेमी ऑफ आर्ट्‌स अँड सायन्सेस या संस्थेवर त्याची निवड झाली. २०१७–१८ मध्ये तो अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या मध्य विभागाचा अध्यक्ष होता. २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठात त्याने वांशिक न्यायावर टॅनर व्याख्यान दिले. दीर्घकाळ प्रभावी ठरलेल्या ग्रंथासाठी अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनतर्फे देण्यात येणारा लिपिनकट पुरस्कार २०२१ मध्ये द रेशिअल काँट्रॅक्टला मिळाला. त्याच वर्षी इलिनॉय राज्यातील एव्हन्स्टन येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. या ग्रंथाची पंचविसाव्या वर्षानिमित्तची आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. तीत मिल्सने मृत्यूपूर्वी लिहिलेले नवे प्रास्ताविक असून पुरस्कार टॉमी शेल्बी याचा आहे.